गुळाची पट्टी जेसनमध्ये, डोळ्यांना वाचता येईल अशी

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचा सौदा झाला की शेतकऱ्याला पट्टी मिळते: रवे (गुळाच्या ढेपा) किती, वजन किती, क्विंटलला दर काय, हमाली-तोलाई किती गेली. ही पट्टी एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात पाठवायची तर बहुतेक वेळा जेसन (JSON) हा माहिती मजकुरात मांडण्याचा साचा वापरतात. महिरपी कंसात नाव-मूल्याच्या जोड्या, चौकोनी कंसात यादी. जावास्क्रिप्टमध्ये ही रचना कोडमध्ये जशीच्या तशी लिहिता येते. सी शार्प, जावा अशा स्टॅटिक टाइपच्या भाषांत, म्हणजे प्रत्येक मूल्याचा प्रकार आधीच ठरवावा लागतो अशा भाषांत, तसं जमत नाही.

मग अनेक जण स्ट्रिंगला स्ट्रिंग, म्हणजे मजकुराला मजकूर, जोडत जातात. पट्टीवरच्या शेऱ्यात कुणी दुहेरी अवतरणचिन्ह टाकलं की जेसन मोडतो, आणि ते कळतं पलीकडच्या प्रोग्रॅमने नाकारल्यावर. डिक्शनरीत (नाव-मूल्याच्या जोड्यांच्या साठ्यात) डिक्शनरी घातली तर अवतरणचिन्हं सांभाळली जातात, पण ‘वजन’च्या जागी ‘वजण’ टाइप झालं तरी कंपाइलर (कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) हूं की चूं करत नाही. अशी डिक्शनरी झटपट बनवणाऱ्या जावाच्या मॅप डॉट ऑफमध्ये तर १० जोड्यांचीच सोय आहे, आणि क्रमाची हमी नाही.

म्हणून पट्टीचा आकार टाइपमध्येच बांधावा. त्यासाठीचे रेकॉर्ड (ठरलेल्या नावांच्या रकान्यांचे टाइप) सी शार्पमध्ये २०२० पासून आहेत, जावात २०२१ पासून. एक रेकॉर्ड लॉटचा: रवे पूर्णांक, वजन आणि दर डेसिमल. (डबल हा दशांशाचा दुसरा प्रकार नको, त्यात ०.१ आणि ०.२ मिळून नेमके ०.३ होत नाहीत.) दुसरा रेकॉर्ड पट्टीचा, त्यात लॉटची यादी. सी शार्पमध्ये प्रत्येक मूल्य नावासकट वेगळ्या ओळीवर लिहिलं, की कोडच पट्टीसारखा दिसतो आणि नाव चुकलं तर कंपाइलर तिथल्या तिथे अडवतो.

आता मराठीची खरी अडचण. सी शार्प ज्यावर चालते त्या डॉटनेटचं जेसन लिहिणारं साधन, सिस्टिम डॉट टेक्स्ट डॉट जेसन, मुळात देवनागरी अक्षरं जशीच्या तशी लिहीत नाही. ‘गूळ’ लिहिलंत तर फाइलमध्ये \यू०९१७, \यू०९४२, \यू०९३३ असे तीन तुकडे दिसतात. जेसन बिनचूकच असतो, पलीकडे ‘गूळ’च पोचतो, पण लॉग (प्रोग्रॅमच्या नोंदी) वाचणाऱ्याला काही उमगत नाही. यासाठी सेटिंगमधल्या एन्कोडरला (कोणती अक्षरं जशीच्या तशी लिहायची ते ठरवणाऱ्या भागाला) बेसिक लॅटिन आणि देवनागरी हे दोन युनिकोड पट्टे, म्हणजे अक्षरांचे गट, द्यावेत. ₹ त्यांत येत नाही, म्हणून शेऱ्यात ते चिन्ह येणार असेल तर करन्सी सिम्बॉल्सचा पट्टाही जोडावा. त्याच सेटिंगमधलं राइट इंडेंटेड चालू केलं की ओळी सुट्या होतात. मात्र हे सेटिंग एकदाच बनवून पुन्हापुन्हा वापरावं. दर पट्टीला नवं बनवलं तर टाइपची तपासणी पुन्हा पहिल्यापासून होऊ शकते आणि प्रोग्रॅम मंदावू शकतो.