टॅपिओका सुधार संशोधन (भारतातील)

टॅपिओका (कसावा, साबुकंद; शास्त्रीय नाव मॅनिहॉट एस्क्युलेंटा) या कंदपिकाच्या सुधारणेचे भारतातील काम मुख्यत्वे केरळमधील श्रीकार्यम् (तिरुवनंतपुरम) येथील केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेत (स्थापना 1963) चालते. महाराष्ट्रात उपवासाला लागणारा साबुदाणा बहुतांशी तमिळनाडूतील सेलम भागात याच कंदाच्या पिष्टापासून तयार होतो.

या पिकाच्या मूलस्थानाविषयी मतभेद आहेत. मेक्सिको व मध्य अमेरिकेतील अनेक रानटी जातींच्या संकरातून ते उद्भवले असावे, असे पूर्वी मानले जाई. ओल्सन व शाल या संशोधकांनी 1999 मध्ये जनुकक्रमांच्या आधारे ॲमेझॉन खोऱ्याच्या दक्षिण सीमेवरील फ्लॅबेलिफोलिया ही कसाव्याचीच रानटी उपजाती हाच एकमेव पूर्वज ठरवला. हे मत अधिक ग्राह्य वाटते. भारतात हे पीक बहुधा सतराव्या शतकात पोर्तुगीजांकरवी मलबारात आले. त्रावणकोरचे राजे विशाखम् तिरुनाळ (कारकीर्द 1880–85) यांना जे श्रेय दिले जाते, ते प्रवेशाचे नसून प्रसाराचे समजावे.

लागवड खोडाच्या कांड्यांपासून होत असल्याने चांगला संकर एकदा हाती आला की त्याचे गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. मात्र त्याच कांड्यांतून केवडा (मोझाइक) रोगाचे विषाणूही पुढे जातात आणि पांढरी माशी ते शेतभर पसरवते. विभाजी ऊतीच्या (सतत नव्या पेशी तयार करणाऱ्या वाढत्या टोकाच्या भागाच्या) संवर्धनाने बेणे रोगमुक्त करता येते, परंतु शेतात गेल्यावर त्याला पुन्हा लागण होऊ शकते. त्यामुळे प्रतिकारक्षम वाणांना पर्याय नाही. या दिशेने पहिले मोठे यश टांगानिकातील (आताचे टांझानिया) अमानी संशोधन केंद्रात स्टोरी व निकोल्स या शास्त्रज्ञांना मिळाले. 1930 नंतरच्या दशकात त्यांनी सिएरा रबराच्या झाडाशी (मॅनिहॉट ग्लाझिओव्ही) संकर करून संततीचा कसाव्याशी वारंवार प्रतिसंकर (मूळ जातीशी पुन्हा संकर) केला. नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेचे नंतरचे काम त्याच सामग्रीवर आधारलेले आहे.

श्रीकार्यम् येथून 1971 मध्ये एच-97, एच-165 व एच-226 हे संकरित वाण प्रसारित झाले. 1977 मध्ये श्री विशाखम् व श्री सह्य हे वाण आले. श्री हर्ष (1996) हा त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेला) वाण असून त्याच्या पेशीत नेहमीच्या 36 ऐवजी 54 गुणसूत्रे असतात. द्विगुणित (दोन संचांच्या) व प्रेरित, म्हणजे कृत्रिमरीत्या घडवलेल्या, चतुर्गुणित (चार संचांच्या) झाडांच्या संकरातून तो मिळाला. त्यात पिष्टाचे प्रमाण अधिक आहे. एच-165 व एच-226 सेलमच्या पिष्ट कारखान्यांना मानवले. केरळच्या घराघरांत मात्र, चवीमुळे, मलायातून आलेला एम-4 हा जुना वाणच शिजवण्यासाठी पसंत केला जातो.