हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक

बाजारातील विक्री किती थोड्या कंपन्यांच्या हाती एकवटली आहे, हे मोजणारा आकडा. मक्तेदारीविरोधी कायद्यात विलीनीकरणाची पहिली छाननी बहुधा यानेच होते. प्रत्येक कंपनीच्या बाजारहिश्श्याच्या टक्केवारीचा वर्ग करून सर्व वर्गांची बेरीज घेतात. एकच कंपनी असल्यास उत्तर १०,००० येते.

जनकत्वाचा वाद जुना आहे. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी परराष्ट्र व्यापारावरील १९४५ च्या ग्रंथात एखाद्या देशाचा व्यापार किती थोड्या देशांशी बांधलेला आहे हे मोजले. त्यांनी वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेतले होते. ऑरिस हर्फिंडाल यांनी १९५० मध्ये कोलंबिया विद्यापीठातील, अमेरिकी पोलाद उद्योगावरील प्रबंधात वर्गमूळ न काढता तीच बेरीज वापरली आणि हर्शमन यांचे ऋण तळटीपेत मान्य केले. तरीही हर्फिंडाल यांचेच नाव रूढ झाले. काहींनी तर हे माप इटालियन संख्याशास्त्रज्ञ कोर्रादो जीनी यांच्या नावावर घातले. अखेर १९६४ मध्ये हर्शमन यांनी एका छोट्या टिपणात आपला हक्क सांगितला. कल्पना त्यांची खरी, पण आजचे सूत्र काटेकोरपणे पाहता हर्फिंडाल यांचे; म्हणून जोडनावच योग्य.

पूर्वी पहिल्या चार कंपन्यांच्या हिश्श्यांची बेरीज पाहत. त्यात २०, २०, २०, २० आणि ६५, ५, ५, ५ हे दोन्ही बाजार ८० टक्क्यांवर सारखेच दिसतात; वर्गांची बेरीज मात्र १,६०० आणि ४,३०० येते. अ आणि ब हिश्श्यांच्या कंपन्या एकत्र आल्यास वाढ २अब असते: १५ व १० टक्क्यांसाठी ३००.

अमेरिकेच्या न्याय विभागाने १९८२ मध्ये १,००० व १,८०० या सीमा ठरवल्या: खालच्या सीमेच्या आत बाजार विखुरलेला, वरच्या सीमेपुढे फार एकवटलेला. २०१० मध्ये, बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ कार्ल शपीरो व जोसेफ फॅरल सरकारी पदांवर असताना, त्या १,५०० व २,५०० झाल्या. २०२३ मध्ये वरची सीमा पुन्हा १,८०० वर आली. विलीनीकरणानंतर निर्देशांक तिच्यापुढे गेला आणि त्यात १०० हून अधिक वाढ झाली, तर ते स्पर्धेला घातक असल्याचे गृहीत धरतात.

चूक सहसा गुणाकारात होत नाही, बाजाराची हद्द आखताना होते. हद्द रुंद धरली की आकडा कोसळतो. उलाढाल, नग की उत्पादनक्षमता, यावरही हिस्से बदलतात. अगदी छोट्या कंपन्या मोजायच्या सुटल्या तर फारसे बिघडत नाही: उरलेले १० टक्के दहा जणांत समान असतील तर १०, एकाकडेच असतील तर १०० भर पडते.

भारताच्या स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम २० (४) मध्ये विलीनीकरण तपासताना पाहायचे बाजारहिस्सा, प्रवेशातील अडथळे इत्यादी घटक दिले आहेत. निर्देशांकाची सीमा दिलेली नाही.