लाकडाची वीज आणि लाकडातलं पाणी

ओलं लाकूड चुलीत सारलं की दुसऱ्या टोकाला पाणी फेसाळतं, धूर कोंडतो आणि जाळ काही धरत नाही. लाकडावर चालणाऱ्या वीजकेंद्रांचं मोठं दुखणंही तेच.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, बर्लिंग्टन शहरात मॅकनील वीजकेंद्र आहे. क्षमता 50 मेगावॉट, सुरू झालं 1984 साली. जंगलतोडीत मागे उरलेले शेंडे, फांद्या आणि वेडीवाकडी खोडं यांच्या ढलप्या हे त्याचं मुख्य इंधन. बऱ्याचशा ढलप्या रेल्वेनेच येतात. गावात ट्रकांची रांग नको, ही परवान्यातलीच अट.

पूर्ण क्षमतेने चालताना तासाला साधारण 69 टन ढलप्या लागतात. म्हणजे एका युनिटमागे जवळजवळ 1.4 किलो! पण त्यातलं निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं. कोरड्या लाकडातून किलोमागे 18-19 मेगाज्यूल उष्णता मिळते, निम्मं पाणी असेल तर जेमतेम 8. कारण लाकूड निम्मंच असतं, आणि त्याचीही थोडी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. ती वाफ धुराड्यातून पसार. त्यात टर्बाइनच्या मर्यादेची भर, म्हणून लाकडातल्या एकूण ऊर्जेच्या साधारण चौथ्या हिश्शाचीच काय ती वीज होते. आपल्या साखर कारखान्यांच्या सहवीज प्रकल्पांत जळणाऱ्या बगॅसमध्येही, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चिपाडातही, जवळपास निम्मं पाणीच असतं.

इंग्लंडमधल्या ड्रॅक्स केंद्राचा मार्ग वेगळा. तिथे येणारं लाकूड मुख्यतः अमेरिकेत वाळवून, भुगा करून, दाबून पेलेट, म्हणजे छोट्या कांड्या, बनवलेलं असतं. पाणी 10 टक्क्यांच्या आत. मात्र पेलेट भिजले की फुगून त्यांचा भुसा होतो. म्हणून कोळशासारखे ते उघड्यावर टाकता येत नाहीत, प्रचंड घुमटांत ठेवावे लागतात. शिवाय वाळवायला आणि अटलांटिक ओलांडायला ऊर्जा लागते ती वेगळीच.

धुराड्यापाशी मोजलं तर युनिटमागे लाकडातून कोळशाइतकाच किंवा जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. आंतरराष्ट्रीय हिशेबात तो जंगल तुटलं त्या देशाच्या खात्यावर पडतो. तोडीनंतरच्या फांद्या एरवीही कुजणारच होत्या, उभं झाड मात्र पुन्हा वाढायला कित्येक दशकं घेतं. दोघांना एकाच मापाने ‘हरित’ म्हणणं मला तरी पटत नाही.

स्टॉकहोममध्ये 2016 साली सुरू झालेलं केंद्र लाकडापासून 130 मेगावॉट वीज आणि 280 मेगावॉट उष्णता देतं. ही उष्णता गरम पाण्याच्या रूपाने नळांतून शहरभर घरोघर जाते. धूर थंड करून त्यातली वाफ पुन्हा पाणी केली जाते आणि तिने नेलेली उष्णताही वसूल होते. त्यामुळे ढलप्या ओल्या असल्या तरी तिथे फारसं बिघडत नाही. पण एवढी उष्णता विकत घेणारी थंडी मात्र हवी.