तोंडाच्या कॅन्सरसाठी मुख तपासणी

तोंडात काही दुखत-खुपत नसताना कॅन्सर किंवा त्याच्या आधीच्या खुणा आहेत का हे बघायला डोळ्यांनी आणि बोटांनी केलेली तपासणी म्हणजे मुख तपासणी. भारतात दरवर्षी ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे साधारण १ लाख ४३ हजार नवे पेशंट होतात असा ग्लोबोकॅनचा (जगभरातल्या कॅन्सरच्या आकडेवारीचा) २०२२ चा अंदाज आहे, आणि त्यातले बरेचसे तिसऱ्या-चौथ्या स्टेजला दवाखान्यात पोचतात, हे फार वाईट आहे कारण ही जागा काही पोटात लपलेली नाही, तोंड उघडून नीट बघितलं तर दिसते.

कवळी असेल तर आधी काढायला लावतात. मग ओठ उलटून आतली बाजू, दोन्ही गाल, हिरड्या, गॉजने जीभ धरून बाहेर ओढून तिच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा, टाळू आणि शेवटी मानेतल्या गाठी, असं सगळं पाचेक मिनिटांत होतं. पाश्चात्य देशांत हा कॅन्सर जिभेला आणि जिभेखाली जास्त सापडतो, आपल्याकडे मात्र गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत, म्हणजे जिथे तंबाखूचा बार, मावा किंवा खर्रा धरून ठेवतात बरोबर तिथेच, आणि ती खाच गाल बाजूला ओढल्याशिवाय ज्याची त्याला आरशातही धड दिसत नाही. म्हणून तंबाखू कुठल्या बाजूला धरता हे आधी विचारून तिथे जास्त वेळ द्यावा. मिश्री लावणाऱ्या बायकांनाही हे विचारायला हवं, त्या बऱ्याचदा तिला तंबाखू मानतच नाहीत.

शोधायचं काय तर पुसून न जाणारा पांढरा चट्टा (ल्युकोप्लाकिया), लाल मखमली चट्टा जो कमी दिसतो पण जास्त धोक्याचा असतो, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, आणि सुपारीमुळे तोंड कमी उघडणं. या शेवटच्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. केरळमधल्या एर्नाकुलममध्ये अशा ६६ पेशंटवर १७ वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा ७.६ टक्के जणांना कॅन्सर झाला, गट लहान होता त्यामुळे हा आकडा जपूनच वापरावा. बोटांनी चाचपणं सोडू नये. पहिल्या स्टेजची गाठ २ सेंटीमीटरपर्यंतची असते, पण आता स्टेज ठरवताना ती किती खोल गेली तेही धरतात (५ मिलिमीटरपर्यंत पहिली स्टेज), आणि खोली डोळ्यांना कळत नाही, हाताला लागणारा कडकपणा त्याची थोडीफार कल्पना देतो.

पान-तंबाखू आणि गालाचा कॅन्सर यांचा संबंध मद्रासच्या निब्लॉक यांनी १९०२ मध्ये मांडला होता. पण बरी दिसणारी माणसं घरोघरी जाऊन तपासायची, हे मोठ्या प्रमाणावर साधारण १९६० च्या दशकाच्या मध्यापासून सुरू झालं असं धरायला हरकत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंत संशोधन विभागाने, फली मेहता आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांनी, वेगवेगळ्या राज्यांतल्या ५०,९१५ गावकऱ्यांची तोंडं तपासून १९६९ मध्ये निष्कर्ष छापले, मग १९७२ मध्ये महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांचे. गोव्यात पेटतं टोक तोंडात धरून धुमटी (पानात गुंडाळलेली तंबाखूची विडी) ओढणाऱ्यांचीही अशी पाहणी झाली.

खरा वाद तपासणीने मृत्यू कमी होतात का याचा आहे. क्यूबात १९८० च्या दशकात दाताच्या डॉक्टरांमार्फत देशभर तपासणी झाली, पहिल्या स्टेजला सापडणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, पण मृत्यूदर काही खाली आला नाही, आणि पुढे पाठवलेले बरेच जण पोचलेच नाहीत. दुसरीकडे तिरुवनंतपुरमला १९९६ पासून १३ पंचायत गटांमध्ये मोठी चाचणी झाली, काही गटांत तपासणी आणि काहींत नाही अशी तुलना करून, तपासणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले पदवीधर कार्यकर्ते होते. २००५ च्या निकालात सगळ्यांचे मिळून बघितलं तर फरक ठोस निघाला नाही, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये मात्र मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी, आणि १५ वर्षांच्या पाठपुराव्यात हा आकडा २४ टक्क्यांवर आला. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा गटाने २०१३ मध्ये लक्षणं नसलेल्या सगळ्यांसाठी पुरावा अपुरा असं म्हटलं, ते त्यांच्याकडचा धोका बघता समजण्यासारखं आहे, पण तंबाखू खाणाऱ्या आपल्या लोकांना ते सरसकट लावणं पटत नाही, इथे तिरुवनंतपुरमचाच पुरावा जास्त जवळचा. तिथेही संशयित ठरलेल्या ५,१४५ जणांपैकी ३,२१८ जणच पुढच्या तपासणीला गेले. म्हणजे चट्टा सापडूनही तीनात एक माणूस हातचा सुटतो, आणि त्याला फोन करून, घरी जाऊन, दवाखान्यापर्यंत नेणं हे तपासणीचाच भाग मानायला पाहिजे.

भारत सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात तिशीपुढच्यांची दर पाच वर्षांनी मुख तपासणी आहे, ती मुख्यतः आरोग्य सेविकेकडून. दाताचे डॉक्टर या साखळीत नंतर येतात. त्यांच्याकडे लाईट, आरसा, खुर्ची सगळं आधीच असतं, कीड भरायला किंवा दात काढायला आलेल्या माणसाचं उरलेलं तोंड बघायला वेगळा खर्चही नाही, पण दात दुखल्याशिवाय तिथे कोणी जात नाही त्यामुळे फक्त त्यांच्यावर भिस्त ठेवता येणार नाही.

टोल्युडीन ब्लूचा रंग लावणं, निळ्या प्रकाशात बघणं असे पूरक प्रकारही आहेत. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शनात त्यांची शिफारस नाही, संशय आला की तुकडा काढून बायोप्सीच करायची.