कमी-जास्त होणारी स्लेड : बोल्ट आवळण्याआधी हे वाचा

‘यंत्र बिघडलंय, अक्षरं तिरकी येताहेत’ असा फोन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : स्लेडची, म्हणजे तुकडा धरून यंत्रातून सरकणाऱ्या लाकडी चौकटीची, बाहेरची रुंदी दोन्ही टोकांना मोजलीत का? काही जणांना याचा राग येतो. आपण यंत्राबद्दल विचारतोय आणि हे लाकडी चौकटीचं काय घेऊन बसलेत, असं त्यांना वाटतं. पण याच तक्रारीसाठी आलेली बरीचशी यंत्रं उघडल्यावर आत काहीच निघत नाही. तुमचा आणि आमचा, दोघांचाही दिवस वाया जातो. म्हणून हे पत्रक.

यातली माहिती ज्या घरगुती सीएनसी (संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या) कोरीव यंत्रांत फळी रोलरखालून पुढे-मागे सरकते आणि कटर आडवा फिरतो, त्यांच्यासाठी आहे. फळी टेबलावर पक्की बसवून कोरणाऱ्या यंत्रांना स्लेड लागतच नाही.

स्लेड कशासाठी, हे तुम्हाला माहीत आहेच. कटरच्या दोन्ही बाजूंना रोलर असतात. फळीचं टोक एका रोलरखालून सुटलं की ते किंचित हलतं आणि नक्षीवर पायरी उमटते. हे टाळायला कामाच्या दोन्ही टोकांना जास्तीचं लाकूड सोडावं लागतं. तेवढी लांबी प्रत्येक वेळी चांगल्या सागवानातून देण्यापेक्षा स्लेडने दिलेली बरी. शिवाय आखूड, गोल किंवा वेड्यावाकड्या कडांचा तुकडाही स्लेडमध्ये बसवून कोरता येतो.

घरी बनवायची तर दोन लांब रेल आणि दोन आडव्या पट्ट्या एवढंच सामान लागतं. रेल 25 मिमी जाडीच्या घ्या. प्लायवूड किंवा एमडीएफ चालेल. भरीव लाकूड घेणार असाल तर शिरा लांबीच्या दिशेने असू द्या, आणि ते पूर्ण सुकलेलं हवं. एमडीएफच्या कडेत स्क्रू मारताना आधी बारीक भोक पाडा, नाहीतर पापुद्रे सुटतात. प्रत्येक रेलच्या आतल्या बाजूला खाली छोटी पायरी ठेवा, म्हणजे तिच्यावर तळाचं 6 मिमी प्लायवूड टेकतं. रुंदी बदलली की हा तळ नव्याने कापावा लागतो. त्याला आमच्याकडेही दुसरा उपाय नाही. आडव्या पट्ट्यांना लांबट खाचा पाडून त्यातून बोल्ट घ्यायचे, म्हणजे रेल आत-बाहेर सरकते.

इथे दोन गोष्टी पाळा. प्रत्येक जोडावर दोन बोल्ट हवेत. एकाच बोल्टवर धरलेली पट्टी म्हणजे बिजागरी, ती कितीही आवळा, फिरणारच. दुसरं म्हणजे विंग नट वापरू नका. हाताने आवळता येतो म्हणून तो सगळ्यांना आवडतो, पण तो वर उभा राहतो आणि रोलरला जाऊन धडकतो. आम्ही सहा मिमीचा ॲलन बोल्ट वापरतो. त्याचं डोकं सहा मिमी उंच असतं, खोलगट भोकात पूर्ण बुडतं आणि पाच मिमीच्या किल्लीने आवळता येतं.

आता मुख्य चूक. काम स्लेडमध्ये ठेवायचं, दोन्ही रेल त्याला भिडवायच्या आणि घट्ट आवळून टाकायचं, असं जवळजवळ प्रत्येक जण करतो. तुकडा हलत नाही, म्हणजे बसला. पण तुमच्या तुकड्याच्या दोन कडा एकमेकींना समांतर आहेत का? हातकरवतीने कापलेल्या तुकड्याच्या सहसा नसतात. रेल बिचाऱ्या त्या कडांना चिकटतात आणि सगळी स्लेडच पाचर होऊन बसते.

अशी पाचर यंत्रात गेली की पुढचं ठरलेलं. यंत्रात फळीला बाजूने सरळ धरणारी प्लेट अरुंद टोकाच्या मापाने लावली असेल तर रुंद टोक अडकतं आणि फळी सरकवणारा पट्टा खालून घसरतो. यंत्राच्या हिशेबी फळी पुढे गेलेली, प्रत्यक्षात ती जागच्या जागी. रुंद टोकाच्या मापाने लावली असेल तर दुसऱ्या टोकाला स्लेड डुलते. ज्या यंत्रांत सरकणं मोजणारं वेगळं चाक असतं, तिथे घसरणं पकडलं जातं, पण तिरकं होणं त्या एका चाकाला कळत नाही.

एक गृहस्थ दारावरची पाटी घेऊन आले होते. पहिली अक्षरं सुरेख, शेवटची दोन चाललीत उतारावर. मोटर बदलायची तयारी ठेवूनच आले होते. स्लेड मोजली तर एका टोकाला 312 मिमी आणि 600 मिमी पुढे दुसऱ्या टोकाला 315. कोन काढला तर अर्धा अंशही भरत नाही, पण तीनशे मिमी रुंदीत दीड मिमीचा फरक पडतो, आणि अक्षरांच्या ओळीत तो लांबूनही दिसतो. ‘पण मी कर्ण मोजले होते, दोन्ही सारखे होते,’ असं ते म्हणाले. खरंच सारखे होते! दोन्ही बाजूंनी सारखी निमुळती होणारी चौकट कर्णाच्या परीक्षेत पास होते. म्हणून कर्ण मोजा, पण तेवढ्यावर थांबू नका.

तेव्हा रेलनी तुकड्याचं ऐकायचं नाही, गेजचं ऐकायचं. गेज दहा मिनिटांत होतो. एका सरळ पट्टीवर दोन गुटके असे बसवा, की स्लेड बाहेरून त्यांच्यामध्ये जेमतेम मावेल. स्लेड सपाट काचेवर ठेवा, बोल्ट हाताने फिरतील इतपतच लावा. गेज एका टोकाला घाला, मग तोच दुसऱ्या टोकाला. एकीकडे साधा कागद आत सरकतो आणि दुसरीकडे अडतो, एवढाही फरक राहू देऊ नका. मग बोल्ट आलटून-पालटून, प्रत्येकी थोडे-थोडे आवळा. एक टोक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर पट्टी ओढली जाते. शेवटी गेज पुन्हा एकदा घालून बघा.

तुकडा आणि रेल यांच्यात उरलेली फट दोन पातळ पाचरी उलटसुलट सारून भरा. पाचर फटीत हवी, स्लेडची पाचर नको.

उंचीबद्दल थोडंसं. कामाचा वरचा पृष्ठभाग रेलच्या वर येता कामा नये, नाहीतर दर फेरीला रोलर त्यावर चढतो. कमी जाडीचा तुकडा असेल तर खाली पॅकिंग द्या. आणि मेण लावायचं तर फक्त बाजूच्या कडांना. एकांनी उत्साहाने तळालाही चोळलं होतं, मग पट्ट्याला पकड कुठून मिळणार?

हे सगळं घरी जमतं, आणि जमलं तर आम्हाला आनंदच आहे. रेल मात्र घरी सरळ निघत नसतील तर आमच्याकडून जोडी घ्या. दोन्ही रेल एकाच फळीतून, एकाच मापावर लागोपाठ कापलेल्या असतात आणि बोल्टसाठी धातूचे आटे (इन्सर्ट) बसवून मिळतात. तयार स्लेडबरोबर गेजही देतो. जुनी स्लेड सरळ करून हवी असेल तर तेही करतो.

दुरुस्तीला यंत्र आणाल तेव्हा स्लेडही बरोबर आणा. शेवटचं बिघडलेलं काम तिच्यात तसंच आवळलेलं राहू द्या. वाटेत ते सोडवून आणलंत तर नेमकं काय चुकलं, ते आम्हाला दिसत नाही.