फोन एमटीएनएलचा, मग इंटरनेट व्हीएसएनएलचं कसं?

१९९५ च्या १५ ऑगस्टला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं, ते व्हीएसएनएलचं, म्हणजे विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीचं. मुंबईत मात्र संगणक फोनला जोडणाऱ्या मोडेमची ती किर्रकिर्र चालायची एमटीएनएलच्या, म्हणजे महानगर टेलिफोन निगमच्या तारेवरून. इंटरनेटचे तास एकीकडून विकत घ्यायचे आणि मोडेमने फिरवलेल्या नंबराचे पैसे दुसरीकडच्या बिलात भरायचे. त्यामुळे ‘दोन्ही एकच ना?’ असं विचारणारे अजून भेटतात. ‘एमटीएनएल टाटांनी घेतलं’ असं छातीठोक सांगणारेही.

त्यात दोघींची जन्मतारीखही एकच, १ एप्रिल १९८६. त्या दिवशी दूरसंचार खात्यातून मुंबई आणि दिल्लीचे फोन वेगळे काढून महानगर टेलिफोन निगमकडे दिले गेले. हिचा मुलूख तेवढाच. ठाण्यात एमटीएनएल, पण खाडीपलीकडे डोंबिवलीत बीएसएनएल. विदेश संचार निगमचा घरोघरच्या तारांशी संबंध नव्हता. परदेशी कॉल देशाबाहेर नेणं आणि बाहेरचे आत आणणं हे तिचं काम. तिची पूर्वज ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस १९४७ पासूनची. जुन्नर तालुक्यातल्या आर्वीचं उपग्रह भूकेंद्र १९७१ मध्ये सुरू झालं, तेही तिचंच. म्हणजे अमेरिकेतल्या मुलाला दादरहून आयएसडी लावला, तर पहिला टप्पा एमटीएनएलचा आणि समुद्रापलीकडचा व्हीएसएनएलचा.

आता विक्रीचं. शेअर दोघींचेही बाजारात होते, अगदी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातसुद्धा. पण शेअर विकले म्हणजे कंपनी खासगी झाली असं नाही. कारभार कोणाच्या हाती आहे ते पाहायचं. एमटीएनएलमध्ये ५६ टक्क्यांहून थोडा जास्त वाटा सरकारने स्वतःकडे राखला, म्हणून ती सरकारीच राहिली. व्हीएसएनएलचे २५ टक्के फेब्रुवारी २००२ मध्ये टाटा समूहाने सुमारे १,४३९ कोटी रुपयांना घेतले आणि त्याबरोबर कारभारही घेतला. सरकारकडे तेव्हाही २६ टक्क्यांच्या आसपास वाटा उरला होता, म्हणजे विकलेल्यापेक्षा किंचित जास्तच! तरी कंपनी खासगी झाली.

टाटांच्या हाती आली तेव्हा तिची मक्तेदारी संपतच आली होती. १ एप्रिल २००२ पासून आंतरराष्ट्रीय कॉलचा धंदा इतरांनाही खुला झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच वाद पेटला. व्हीएसएनएलच्या संचालक मंडळाने टाटांच्याच दुसऱ्या फोन कंपनीत, टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये १,२०० कोटी गुंतवायचं ठरवलं आणि दूरसंचारमंत्री प्रमोद महाजनांनी त्याला जाहीर विरोध केला. माझ्या मते हा प्रश्न करार करतानाच सुटायला हवा होता. ज्या कंपनीच्या तिजोरीत एवढी रोकड आहे, ती कोणाच्या कामाला लागणार हे विकणाऱ्याने आधीच विचारायचं असतं.

२००८ मध्ये तिचं नाव टाटा कम्युनिकेशन्स झालं आणि सरकारने उरलेला वाटा विकला तो थेट २०२१ मध्ये.

जमिनीबाबत मात्र सरकार सावध होतं. पुण्याजवळ दिघीला, शिवाय दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईकडे कंपनीची शेकडो एकर जास्तीची जमीन होती. ती या सौद्यातून वगळायची असं ठरलेलं होतं. पण ठरलेलं अमलात यायला जवळपास अठरा वर्षं गेली. शेवटी हेमिस्फिअर प्रॉपर्टीज नावाच्या वेगळ्या कंपनीकडे ती जमीन गेली. दिघीचा तुकडा त्यातला सर्वांत मोठा.