सैनिकांचे टपाली मतदान (अमेरिकन यादवी युद्ध)

आघाडीवर किंवा छावणीत असलेल्या सैनिकाने स्वतःच्या गावी न जाता मत नोंदवण्याची पद्धत. ती मोठ्या प्रमाणावर प्रथम अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) अमलात आली.

या पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६३० च्या दशकात सरहद्दीलगतच्या काही गावांतील मतदारांना गावाच्या रक्षणासाठी घरीच थांबून आपले मत दुसऱ्याच्या हाती पाठवण्याची मुभा होती. काही लेखक उगम तेथवर नेतात. मात्र तेथे मतदार गावातच राहत असे आणि मतदान दूर होत असे. सैनिकाच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलट असते. त्यामुळे पेनसिल्व्हेनिया राज्याचा १८१३ चा कायदा हा आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. ब्रिटनशी चाललेल्या युद्धात सेवेत असलेल्या सैनिकांना त्याने छावणीतच मतदानाचा हक्क दिला. १८३९ च्या कायद्यात पुन्हा घातलेली हीच तरतूद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६२ मध्ये ‘चेस विरुद्ध मिलर’ खटल्यात रद्द ठरवली. १८३८ च्या घटनादुरुस्तीनुसार मतदाराने आपल्या रहिवासाच्या विभागातच मत दिले पाहिजे, असा न्यायालयाने अर्थ लावला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज वुडवर्ड पुढच्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षातर्फे गव्हर्नरपदासाठी उभे राहून पराभूत झाले. निकालामागे पक्षीय हेतू असल्याचा आरोप तेव्हापासून होत आला आहे. घटनेतील शब्दयोजना पाहता न्यायालयाचा अर्थ ओढूनताणून काढलेला म्हणता येत नाही. ऑगस्ट १८६४ मध्ये घटनाच दुरुस्त करून सैनिकांना हा हक्क परत देण्यात आला.

१८६४ पर्यंत उत्तरेकडील १९ राज्यांनी असे कायदे केले होते. मात्र बहुतेक राज्यांत रेजिमेंट वा कंपनीच्या ठिकाणीच मतपेटी ठेवली जाई आणि निकालपत्रे राज्याकडे जात. सर्वच मतांना सरसकट ‘टपाली’ म्हणण्याचा प्रघात म्हणूनच ढिला आहे. खऱ्या अर्थाने टपालावर विसंबलेली पद्धत न्यूयॉर्कची. तेथे सैनिक आपल्या गावच्या एखाद्या मतदाराच्या नावे मुखत्यारपत्र करून देई आणि अधिकाऱ्यासमोर शपथ घेई. घडी घातलेली मतपत्रिका शपथपत्रासह एका लखोट्यात बंद होई. तो लखोटा मुखत्यारपत्रासह ‘सैनिकाचे मत’ असे लिहिलेल्या दुसऱ्या लखोट्यातून गावी जाई. मतदानाच्या दिवशी तो मुखत्यार आतला लखोटा न फोडता केंद्रावर हजर करी आणि यादीत नाव तपासल्यावर अधिकारी मत पेटीत टाकत. सगळी मदार सहीवर असल्याने लबाडीला वाव होता. ऑक्टोबर १८६४ मध्ये अधिकाऱ्यांच्या खोट्या सह्या केल्याच्या आरोपावरून राज्याच्या काही प्रतिनिधींना अटक झाली व लष्करी आयोगापुढे त्यांच्यावर खटले चालले.

इंडियाना राज्यात असा कायदाच नव्हता. तेथील ऑक्टोबरच्या राज्य निवडणुकीसाठी सैनिकांना घरी सोडता आले तर सोडावे, असे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन यांना पत्राने सुचवले.

१८६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत स्वतंत्रपणे मोजल्या गेलेल्या सुमारे दीड लाख सैनिकी मतांपैकी जवळजवळ ७८ टक्के लिंकन यांना मिळाली. ती नसती तरी ते निवडून आले असते, असेच बहुतेक इतिहासकार मानतात. या आकड्यावरून सैन्य एकमुखाने गुलामगिरीविरोधी होते असा निष्कर्ष पूर्वी काढला जाई. अलीकडचे अभ्यासक विरोधकांवरील दडपण आणि मतदानच न करणाऱ्यांकडे बोट दाखवतात. हा दृष्टिकोन अधिक ग्राह्य दिसतो. सैनिकी मतांनी निकाल फिरला तो मेरीलँडमध्ये. गुलामगिरी रद्द करणारी तेथील नवी राज्यघटना अवघ्या ३७५ मतांच्या आधिक्याने मंजूर झाली आणि सैनिकांचा कौल २,६३३ विरुद्ध १६३ असा होता.

ब्रिटनने १९१८ च्या कायद्याने फ्रान्स व बेल्जियममधील सैनिकांना टपाली मतपत्रिका दिल्या आणि त्या पोहोचाव्यात म्हणून १४ डिसेंबरच्या मतदानाची मोजणी २८ डिसेंबरला ठेवली. भारतात सैनिक मतदाराला टपालाने मत देता येते. २००३ पासून नेमलेल्या प्रतिनिधीमार्फतही देता येते. २०१६ पासून कोरी मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्याची सोय झाली, परंतु भरलेली मतपत्रिका आजही अधिकाऱ्याने साक्षांकित केलेल्या घोषणापत्रासह, लखोट्यात लखोटा घालून, टपालानेच परत येते.